बाभळीचं लाटणं

निमगाव केतकी,
२ डिसेंबर २०२३

दाजी,

नमस्कार करते, पण राग धरून करते, हे आधीच सांगते.

फोन लावला की आक्का उचलती, "हां, हां, बरं हाय" म्हणती आन ठेवून देती. तुमच्या कानाला तर फोनचा काय उपेगच न्हाय. माझा सुयोग म्हणतो व्हॉट्सॅप कर, पण तुमचं ते बटणाचं डबडं. म्हणून ह्यो कागद.

बारामतीच्या लग्नात आक्का माझ्या शेजारी बसली होती. पंगतीत तिनं तिच्या ताटातली बुंदी उचलून मला भरवली. मला वाटलं, केवढी माया आलीय आज. मग माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाली, "तू कुणाची गं? तुजी आई आली न्हाय व्हय?"

दाजी, मी हसले. मांडवात करणार काय दुसरं? घरी आले आन पदर तोंडात कोंबून रडले. सख्ख्या बहिणीला वळखंना झालीय ती, आन तुमी वाढप्याला "अजून मठ्ठा आण" म्हणून वरडत होता.

आन ते लेथचं काय खूळ घेतलंय? कंपनीत जन्मभर लोखंड कातलं, त्यात कान घालवलं, आता जरा गप बसावं माणसानं. तर लोक सांगत्यात, तुमी लाकडाच्या शोभेच्या थाळ्या करताय आन आक्काला दिवसभर मशीनपाशी स्टुलावर बसवून भुसा खायला लावताय. बायको हाय का हेल्पर हाय?

तिला माझ्याकडं पाठवा. हितं मी हाय, माझी सून अंजली हाय. तुमाला लेकरू-बाळ न्हाय, तिनं हाक मारली तर तुमाला ऐकू जायची न्हाय. सुयोगला गाडी घेऊन कधी पाठवू, तेवढं लिहा. बाकी काय लिहू नका.

सारजा


लोणी भापकर,
११ डिसेंबर २०२३

सारजाबाई,

तुझं पत्र पोचलं, रागासकट. बाकी काही लिहू नका म्हणालीस म्हणून बाकीचंच लिहितो.

म्हाळसा कुठंही येणार नाही. लग्नात माणसांचा गोंधळ, तो डीजे. माझे कान गेलेत म्हणून मी सुटलो. धडधाकट माणूसही तिथं आपलं नाव विसरेल. घरी ती व्यवस्थित आहे. मला काही सांगायचं झालं तर पाटीवर लिहिते. हल्ली थोडकं लिहिते एवढंच.

आता लेथचं. एका खोक्यातून आला, स्वस्तातला. कंपनीतल्या माझ्या लेथपुढं हे पोराच्या हातातलं खेळणं. चालू केला की टेबलासकट नाचतो, म्हणून खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवलीत. जरा जोरात पटाशी लावली की मोटर रुसते. पण बाभळीचा, चिंचेचा, आंब्याचा तुकडा लावला आणि आतली नक्षी फिरत फिरत वर आली की बघत राहावंसं वाटतं. लोखंडात कधी काही निघालं नाही बघ. आत-बाहेर सारखंच.

आणि म्हाळसाला मी भुसा खायला बसवत नाही. नाकाला ओढणी बांधलेली असते. ती माझे कान आहे. थाळी जाड असते तोवर आवाज भरीव असतो. पातळ होत आली की पत्र्यासारखा पोकळ येतो. लाकडात चीर असली तर टिकटिक करते, आणि तशीच कातत राहिलं तर थाळी फुटून थोबाडावर येते. हे सगळं मला ऐकू येत नाही, तिला येतं. या लेथवर मी पहिलं काय केलं असेल तर तिला बाभळीचं लाटणं. तेच घेऊन ती माझ्या मागं बसते. पाठीवर एकदा लाटणं लागलं की पातळ झालं, पटाशी उचल. दोनदा लागलं की चीर आहे, बटण बंद. गावात हसतात, मानसिंगला बायको लाटण्यानं मारते म्हणून. हसू देत.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली. दोनदा लाटणं लागतं ते बहुतेक दिवस कलल्यावर. संध्याकाळी लाकूड जास्त दगा देतं. गारव्यानं आवळत असावं.

बाभळीची एक थाळी पाठवतोय. तारेनं जाळून काळी रेघ काढलीय, ती म्हाळसानं सांगितली तिथंच आहे. भिंतीला लाव आणि शांत हो.

मानसिंग


निमगाव केतकी,
२० जानेवारी २०२४

दाजी,

थाळी लई गोड हाय. भिंतीला लावली, पण संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला अंजलीनं काढून घेतली आन तिच्यात तिळगूळ ठेवला. सगळ्या बायका तिळगूळ सोडून थाळीच बघत होत्या. आमच्या शेजारच्या म्हस्क्यांच्या सोनमचं लगीन हाय मे महिन्यात. तिची आई म्हणती, रुखवतात मांडायला अशा पाच थाळ्या पायजेत, लहान-मोठ्या, एकात एक बसणाऱ्या. कराल का?

मी तुमाला जास्तच बोलले. आक्का तुमच्या मागं लाटणं घेऊन बसती हे वाचून हसू आलं. पयल्यापासनं तिचा कारभारच तसला. आठवतं का, मी लग्नाआधी तुमच्याकडं राहायला यायची तवा? तुमच्या कंपनीची बस फाट्यावर यायची येळ झाली की घरात कुणी का बसलेलं असंना, आक्का उठवायची. "चला, उठा आता, आमचं मालक यायची येळ झाली, च्या टाकायचाय." पावण्यारावळ्याचीबी भीड न्हाय.

एक काम हाय. यंदा मला कुरडया घालायच्यात. माझ्या लालसर होत्यात, आक्काच्या पांढऱ्याफेक. तिला म्हणावं, पाटीवर सगळं लिही, गहू भिजवण्यापासनं, आन तुमी तस्संच्या तसं कागदावर उतरून पाठवा. तिच्या तोंडचं पायजे, तुमचं न्हाय.

सारजा


लोणी भापकर,
१४ फेब्रुवारी २०२४

सारजाबाई,

उशीर झाला. चष्म्यावर बसलो, तो फुटला, म्हणून अक्षर वाकडं आलंय. तेवढं चालवून घे.

रुखवताच्या थाळ्या घेतल्या करायला. चिंचेचं लाकूड आहे, जुनं, सुकलेलं. सगळ्यात मोठी झालीय. बाकीच्याही होतील. सोनमच्या आईला सांग, काळजी नको.

म्हाळसानं कुरडया सांगितल्या त्या अशा: गहू चांगला निवडून रात्रभर भिजत घाल. सकाळी दळून आण, चाळून घे, मीठ घालून शिजव आणि सोऱ्यातून घाल. पांढऱ्या होण्यासाठी ऊन कडक पाहिजे. बस्स.

ती मजेत आहे. तुझं पत्र हातात घेऊन बसली होती. तुझी आठवण काढते.

मानसिंग


निमगाव केतकी,
६ मार्च २०२४

दाजी,

गहू रात्रभर?

आक्का मरंल पण असं सांगायची न्हाय. तीन दिस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. एक दिस पाणी बदलायला इसरले म्हणून तिनं मला चारचौघांत फाडून खाल्लं होतं. आन ओला गहू दळायला गिरणीत न्हेत्यात व्हय? ह्ये तुमी लिहिलंय. तिनं एक अक्षर सांगितलेलं न्हाय.

आन चष्म्यावर कोण बसलं? परवा सुयोग थाळ्या बघायला आला होता, त्यानं सगळं बघितलं. तुमच्या कपाळाला टाके. एक थाळी भोक पडलेली. आन आक्का स्टुलावर, लाटणं मांडीवर, तोंड दाराकडं. त्यानं पाया पडून "मावशी" म्हटलं, तर म्हणाली, "मालक घरी न्हाईत, मागनं या." तुमी तितंच पाठमोरं उभं होता.

मला फशिवलंत, दाजी. माझ्याच बहिणीच्या नावानं मला खोटं लिहिलंत. पुढल्या रविवारी गाडी पाठवते.

सारजा


लोणी भापकर,
९ मार्च २०२४

सारजा,

हे पत्र वेळेत पोचावं म्हणून बारामतीला येऊन टाकतोय. रविवारी गाडी पाठवू नको. आधी हे वाच.

होय, खोटं लिहिलं. तू कुरडया विचारल्यास, मी पाटी तिच्या हातात दिली. तिनं पाटीवर नुसत्या रेघा ओढल्या, एकाखाली एक, अगदी मन लावून, आणि पाटी मला परत दिली. मग मी काय उतरवून पाठवणार होतो?

गेल्या पावसाळ्यापासून चाललंय. बारामतीच्या डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं: हे वाढतच जाणार, माघारी फिरायचं नाही. मी तो कागद खिशात ठेवला आणि घरी आलो. दिवसभर ती माझ्याकडं बघायची, पण डोळ्यांत ओळख नसायची. लेथ तेव्हा घरात होता, माझ्या हौसेचा. ती आपणहून येऊन मागं बसली. आणि थाळी पातळ झाली तेव्हा लाटणं लागलं पाठीवर. अगदी बरोबर वेळेला! सारजा, मी मशीन बंद करून मागं वळलो तर तिथं म्हाळसा होती, पूर्वीची. नाक वर करून बसलेली. मी थाळ्या कशाला करतोय हे आता तुला कळलं असेल. मला त्या विकायच्या नाहीत, भिंतीला लावायच्या नाहीत. लाकूड फिरत असेपर्यंत ती माझी असते.

मग पातळ झाल्यावर एकदा मारायचं सुटलं. दोनदा मात्र मारायची, रोज, संध्याकाळी. मी बटण बंद करायचो, थाळी काढायचो, चीर शोधायचो. भिंग लावून बघितलं, पाणी लावून बघितलं. कुठंच दिसायची नाही. पण तिच्या कानावर माझा भरवसा. म्हटलं आत असेल. बाजूला ठेवायची. कोपऱ्यात ढीग झालाय अशा थाळ्यांचा.

आणि ज्या दिवशी खरोखर चीर होती त्या दिवशी ती गप्प बसली. अर्धी थाळी कपाळावर आली. मी खाली बसलो, डोळ्यांत रक्त. ती वाकून माझ्या तोंडाशी तोंड आणून काहीतरी बोलत होती. बराच वेळ बोलत होती. काय बोलली ते मला कळलं नाही.

माझ्या मनाची समजूत अशी आहे की बसून बसून पुन्हा जमेल तिला. रुखवत होऊ दे. मे महिन्यापर्यंत दम धर. तुझ्या पाया पडतो, मी थोरला असून.

मानसिंग


लोणी भापकर,
२ एप्रिल २०२४
(सुयोगच्या हाती)

सारजा,

तू दम धरलास, मलाच धरवला नाही. परवा मी थाळीला पॉलिश करत होतो, दार उघडल्याचं मला कळलं नाही. मागं वळलो तर स्टूल मोकळं. गाव धुंडाळलं. शेवटी फाट्यावर सापडली, एसटीच्या थांब्यापाशी उन्हात उभी, हातात लाटणं, पायात चप्पल नाही. कुणी सांगितलं, बराच वेळ रस्त्याकडं बघत उभी होती म्हणे.

तिला तुझ्याकडं यायचं असणार. दुसरं कुठं जायचंय तिला एसटीनं? मीच अडवून धरली होती.

घेऊन जा. चहात साखर कमी लागते. लाटणं तिच्या हातातून काढून घेऊ नको. दाराला आतून कडी घालत जा. मला जे ऐकू आलं नाही ते तुम्हाला येईल.

मानसिंग


निमगाव केतकी,
१८ एप्रिल २०२४

दाजी,

कसं लिहावं समजंना झालंय. मी तुमाला एवढं बोलले, आन आता आमची पाच माणसं पुरंनात तिला.

दिवसा बरी असती. ऊन कललं की उठती. लाटणं घेऊन फिरती आन समोर येईल त्याच्या पाठीवर दोन ठोके देती. अंजलीच्या पाठीवर, माझ्या पाठीवर, गोठ्यात म्हशीच्या पाठीवरबी. मी भाकरी थापत होते, मागनं दोनदा लागलं आन भाकरीचं पीठ चुलीत सांडलं. अंजली वैतागली, पोरीचा जीवच तो. तिनं लाटणं काढून वर फळीवर ठेवलं. त्या दिवसापासनं आक्का जेवंना. भिंतीकडं तोंड करून बसली. मग मीच काढून दिलं परत.

दोनदा म्हणजे चीर, ह्ये तुमीच लिहिलं होतं. हितं कुठं आलीय चीर? काय करायचं ते सांगा. आन तुमी या एकदा. सुयोग म्हणतो, काका जेवत न्हाईत वाटतं, लई उतरलेत.

सारजा


लोणी भापकर,
२५ एप्रिल २०२४

सारजा,

तिनं दोनदा मारलं की थांबायचं. हातात जे असेल ते खाली ठेवायचं. भाकरी करपली तर करपू दे. मिक्सर असेल, टीव्ही असेल, बंद करायचं. आमचं ठरलेलं तसंच आहे. थांबलं की तिच्या तोंडाकडं बघायचं. मग ती आपोआप शांत होते, माझा अनुभव आहे.

आणि माझं एक काम कर. दोनदा मारल्यावर तिचे ओठ हलतात. दरवेळी हलतात. इथंही हलायचे. त्या दिवशी मी रक्तात बसलो होतो तेव्हाही तसेच हलत होते, मला ते हलणं पाठ आहे. पण ती काय म्हणते ते मला एकदाही समजलं नाही. तुला कान आहेत. जवळ जा, ऐक आणि मला लिहून कळव. मुद्दाम चांगलं करून लिहू नको. माझ्यासारखी कुरडई करू नको त्याची.

रुखवताच्या पाचही थाळ्या झाल्या. शेवटची माझ्या एकट्याच्या हातची, दर घडीला मशीन थांबवून बोटानं जाडी बघत केली. बरी नाही झाली. काठ एका बाजूला जाड आहे. लोकांना दिसायचं नाही.

मानसिंग


निमगाव केतकी,
५ मे २०२४

दाजी,

दोन कागद फाडले, ह्यो तिसरा. आधी वाटलं, "ऐकू आलं न्हाय" असं लिहावं. पण तुमी शपथ घातल्यासारखं लिहिलंय, आन खोट्यावरनं मीच तुमच्याशी भांडले होते.

काल ऊन कलल्यावर आक्का आली. मी शेंगा फोडत होते. दोनदा लाटणं लागलं, मी हात थांबवलं आन वळून तिच्या तोंडाकडं बघितलं. ती लई गोड हसली. परक्या माणसाशी बोलावं तसं, पदर नीट करून म्हणाली,

"मिस्त्री, बंद करा आता. आमचं मालक यायची येळ झाली. च्या टाकायचाय मला."

आज परत तेच. शब्दसुद्धा तेच.

दाजी, तुमी जवळ होता आन ती तुमचीच वाट बघत होती. फाट्यावरबी ती माझ्याकडं यायला उभी न्हवती. मला लई वाईट वाटतंय. या हो तुमी. आल्यावर वळखंल, कुणी सांगावं.

सारजा


लोणी भापकर,
१२ मे २०२४

सारजा,

तुझं पत्र मिळालं. कोपऱ्यातल्या ढिगातल्या सगळ्या थाळ्या अंगणात काढल्या, पाण्यात बुडवल्या, उन्हात ठेवल्या. एकीलाही चीर नाही. सगळ्या चांगल्या आहेत. सुयोगला म्हणावं, रुखवताबरोबर याही घेऊन जा, सोनमला दे, कुणालाही वाट.

मी येत नाही. आलो तर मिस्त्री म्हणून येणार, आणि मिस्त्री समोर असला की तिच्या मालकाचं येणं लांबतं. ती वाट बघतेय तोवर तरी मी कुठंतरी वाटेवर आहे.

लेथ उतरवला. वाळूची पोती मोकळी केली. स्टूल तेवढं आहे तिथंच आहे, त्याला हात लावला नाही.

हे पत्र मिळेल त्या संध्याकाळी तिनं दोनदा लाटणं मारलं की थांब, आणि चहाचं आधण ठेव. ती जे म्हणेल त्याला हो म्हण. आणि तिला एवढं सांग, मिस्त्रीनं मशीन बंद केलंय.

मानसिंग